तुम्ही वजन विचारलं होतं, सिस्टर

पहाटेच्या स्वप्नात तुम्ही येता तेव्हा काही बोलत नाही. ओट्यावर उभ्या असता, स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर आलेल्या दोन्ही तळहातांत स्टेथोस्कोपची चकती धरून. थंडगार चकती लागली की म्हातारं माणूस दचकतं आणि दचकलं की बीपीचा आकडा चढतो, म्हणून तुम्ही ती आधी हातात उबवायच्या. स्वप्नातही तुमचं तेच चाललेलं असतं. मागे पांढरं काहीतरी हलत असतं. सध्या गावाबाहेर हळद शिजते आहे, तिची वाफ असावी. मी म्हणते, या ना आत. तुम्ही येत नाही. काहीतरी विचारून झालेलं असावं आणि आता उत्तराची वाट पाहायची एवढंच उरलेलं असावं, अशा उभ्या राहता. मग मला जाग येते आणि बाहेर खरोखरच साडेपाच वाजलेले असतात.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी हळू लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. मी सांभाळते त्या लायब्ररीत पुस्तकाच्या कार्डावर तुमचं नाव लिहायलाही मला वेळ लागायचा, आणि तुम्ही टेबलाशी उभ्या राहून म्हणायच्या, "ताई, पुस्तक वाचून परत द्यायची तारीख यील तवर माझं नाव लिहून व्हईल का?"

तुम्ही कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालात आणि मग घरोघर जाऊन बीपीचे नि हृदयाचे पेशंट पाहू लागलात. माझे वडील, देवीच्या मंदिराचे पुजारी, आम्ही ज्यांना अप्पा म्हणायचो, ते त्यांतले एक. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. त्यांना आणखी एक सांगायला हवं. अप्पांच्या शेवटच्या आजारात राठोड सिस्टरकडून हयगय झाली असं या गावातल्या काही घरांत तीन वर्षं बोललं जातं आहे. ती तुमच्याकडून झाली नव्हती.

पण एवढ्यावर मी लगेच येऊ शकत नाही. थोडं मागून येऊ द्या.

पहिल्या दिवशी तुम्ही आठ वाजता आलात. अप्पांची आंघोळ झालेली, अंगावर सोवळं, हातात फुलांची परडी. तुम्ही बीपीचा पट्टा उलगडलात आणि अप्पा दोन पावलं मागे सरकले. कुणी काही बोललं नाही. मी दारात उभी होते, मीही बोलले नाही. तुम्ही पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवलात आणि म्हणालात, "बरं. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला कडी वाजली. अप्पा नुकते उठून अंगणात तोंड धुऊन आले होते. तुम्ही त्यांच्यासमोर पाटावर बसलात.

"अप्पा, तुमची आंघोळ झाली का?"

"अजून नाही."

"माझी बी न्हाई. तुमी बी पारोसे, आमी बी पारोसे. आता हात द्या."

 अप्पांना हसू आलं. आमच्या घरात अप्पांना हसू येणं ही रोजची गोष्ट नव्हती. त्यांनी बाही वर केली.

पुढे अनेकदा मी तुमच्याशी यावरून वाद घातला. मी म्हणायचे, तुम्ही त्यांना आठलाच हात लावायला हवा होता. घेतली असती दुसरी आंघोळ. तुम्ही थंडीत तीन किलोमीटर स्कूटीवर येता, हृदयाच्या पेशंटला सांभाळता आणि वर त्यांचं सोवळंही तुम्हीच सांभाळायचं? तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "मला त्याहिचा हात पायजे होता ताई, मत न्हाई." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्या पहाटे मी दारात गप्प उभी होते आणि वाद मात्र नंतर लायब्ररीत, पुस्तकांच्या आडोशाला घातला, हेही खरं आहे. तुम्ही मला ते कधी ऐकवलं नाही.

त्या पहाटा मला आता एकात एक मिसळलेल्या दिसतात. अप्पांचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात उशीवर, हृदयाच्या उंचीला. पाच मिनिटं नुसतं बसायचं, मग पट्टा. अप्पांचे ओठ मात्र स्तोत्र म्हणत असायचे. "देवीचं नाव घ्या अप्पा, पन मनात. तोंड हाललं की आकडा हालतो." अप्पा म्हणायचे, मधे तोडता येत नाही. तुम्ही पट्टा हातात धरून थांबायच्या. स्तोत्र लांब होतं. हळूहळू तुम्हाला ते कुठे संपतं ते कळायला लागलं, आणि शेवटची ओळ आली की तुमची बोटं आपोआप रबरी फुग्यावर जायची. पट्ट्यातली हवा सुटताना जो बारीक आवाज यायचा त्यात मला पुन्हा झोप लागायची. इतकं निर्धास्त मी त्याआधी आणि त्यानंतर कधी झोपले नाही.

अप्पांचं हृदय दमलं होतं. शरीरात पाणी साठायचं. तुम्ही मला शिकवलंत की हे पाणी आधी डोळ्यांना दिसत नाही, आधी काट्यावर दिसतं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच धोतरावर वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टर. नडगीवर अंगठा दाबून पाहायचा, खड्डा राहतो का. झोपताना किती उशा लागल्या ते विचारायचं. एकीच्या दोन झाल्या तर समजायचं की आडवं पडून श्वास पुरत नाही. मी इतकी पुस्तकं हाताळली, पण माणसाच्या छातीतलं उशा मोजून कळतं हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

आणि ते मीठ. डॉक्टरांनी अप्पांचं मीठ जवळजवळ बंद केलं होतं. अप्पांनी ते निमूट मान्य केलं आणि श्रावणात त्यांचे पाय टम्म सुजले. तुम्ही चक्रावलात. गोळ्या बराबर, पाणी बराबर. मग तुम्ही सरळ स्वयंपाकघरात आलात आणि चुलीशेजारची बरणी उचललीत.

"हे काय ए?"

"सैंधव. उपवासाचं," मी म्हणाले.

"आन् रोजच्या भाजीत?"

"तेच. मीठ बंद केलंय ना, म्हणून सैंधव घालते. अप्पाच म्हणाले."

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. बाहेरून अप्पांनी शांतपणे खुलासा केला, "सिस्टरबाई, ते मीठ नव्हे. ते उपवासालाही चालतं."

"अप्पा, देवीला चालतंय ते. तुमच्या हृदयाला न्हाई चालत. त्याला उपास कळत न्हाई, खारट कळतंय."

पुढे कितीतरी दिवस अप्पा जेवताना पहिला घास घेऊन "कळलं का?" असं स्वतःच्या छातीला विचारायचे.

गोळ्यांचीही तीच गत होती. एकादशीला अप्पा गोळी घ्यायचे नाहीत, अन्न नव्हे तरी पोटात जाणारं काहीतरी आहेच म्हणून. तुम्ही वाद घातला नाहीत. "देवीपुढं ठेवा आन् तीर्थासंगं घ्या," म्हणालात. ते त्यांना लगेच रुचलं. आणि जाताना उंबऱ्यात वळून, "पन तीर्थ बी दिवसाच्या पाण्यातच मोजायचं बरं का!" तुम्ही अप्पांचं काहीच मोडलं नाही. त्यांच्या नेमाच्या कडेकडेने तुम्ही तुमची वाट काढली. अप्पांना त्यामुळे दीड वर्ष मिळालं, असं मला वाटतं. ते दीड वर्ष फार सुंदर होतं, सिस्टर. याबद्दल मी तुम्हाला कधी धड बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत. आम्ही तुम्हाला चहा देत राहिलो.

मग ते नवरात्र आलं.

नांदेडला तुमच्या भावजयीचं ऑपरेशन ठरलं. तुम्हाला तीन-चार दिवस जावंच लागणार होतं. निघताना तुम्ही मला दोनदा बजावलंत, "मी सकाळी फोन करते. तुमी फकस्त आकडा सांगा. बाकी माझं मी बघते."

पंचमीला वजन एकसष्ट किलो होतं. तुम्ही फोन केलात, मी एकसष्ट सांगितलं. षष्ठीला बासष्टच्या वर काटा गेला. मी फोनवर आकडा सांगायच्या आधीच अप्पा म्हणाले, "काल नारळपाणी घेतलं थोडं जास्त. उतरेल." मी एकसष्ट म्हणाले. ते पहिलं खोटं. इतकं लहान होतं की मला ते खोटं वाटलंही नाही.

सप्तमीला काटा त्रेसष्टच्या पुढे गेला. आदल्या रात्री अप्पा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपले होते. फोन वाजला तेव्हा ते काट्यावरून उतरत होते. दुसऱ्या दिवशी अष्टमीचा होम होता. बेचाळीस वर्षं त्यांनी तो केला होता. फोन माझ्या कानाला होता, तुम्ही विचारत होता, "ताई, वजन किती?" आणि अप्पा माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

मी माझ्या वडिलांना देवीशिवाय कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"एकसष्टच आहे," मी म्हणाले.

"पायाला सूज?"

"नाही."

"उशा?"

"एकच."

 तुमच्या मागे दवाखान्यात कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग तुम्ही म्हणालात, "बरं. मंग होमाला बसू द्या. पन धुराच्या बाजूला नका बसवू."

होम झाला. अप्पा चार तास बसले. पूर्णाहुती देताना त्यांचा चेहरा असा दिसत होता की, मी काही वाईट केलं असेल असं मला त्या दुपारपर्यंत खरंच वाटलं नाही. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना. गाडी केली, नांदेडकडे निघालो. वारंगा फाट्याला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा अप्पांनी तुटक तुटक विचारलं, "सिस्टरबाईंना... कळवलंस?" मी मान हलवली. मग ते मोठ्या कष्टाने म्हणाले, "होम पुरा झाला." दोनदा म्हणाले.

तुम्ही आमच्या आधी दवाखान्याच्या दारात होतात. स्ट्रेचरबरोबर चालता चालता तुम्ही अप्पांच्या नडगीवर अंगठा दाबलात. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तुम्ही त्या खड्ड्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. अशी सूज एका दिवसात येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी नजर फिरवली. तुम्ही काही विचारलं नाही. डॉक्टरांना मात्र म्हणालात, "सूज तीन दिसांची धरून चाला, सर. जास्त बी असंल."

पाच दिवसांनी अप्पा गेले.

तेराव्याला तुम्ही आमच्या अंगणात बसला होतात. दादा, माझा थोरला भाऊ, तिकडे संभाजीनगरला बँकेत असतो. तो अप्पांना फार मानायचा आणि लांब असल्याचं त्याला फार टोचायचं. त्याने सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "रोज सकाळी येऊन करत काय होता तुम्ही? वजन वाढलेलं कळत नाही? मग ते मोजायचं नाटक कशाला?"

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तो घेऊन आत गेले. आतून मी तुमचा आवाज ऐकला.

"व्हय दादा. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

हे वाक्य मी तीन वर्षं ऐकते आहे.

तुम्ही तसं का म्हणालात, सिस्टर? माझ्यासाठी म्हणाला असाल तर मला ते नको होतं, असं मी म्हणू शकत नाही. मला ते हवं होतं. मी ते घेतलं आणि घरात ठेवलं.

दादा दोन दिवस अजून राहिला. शेजारच्या पाठक काकांना, आणखी दोन घरांना त्याने सांगितलं, त्या बाईंच्या भरवशावर राहू नका. तुम्हाला त्या घरांतून निरोप येऊ लागले की, सध्या नको, बरं आहे आता. पाठक काकांचा बीपी तुम्हीच ताळ्यावर आणला होता. तुमचं येणं थांबलं तशी त्यांची गोळीही थांबली. काही त्रासच होत नाही तर घ्यायची कशाला, हे त्यांचं नेहमीचं, आणि त्यावर रोज त्यांची चेष्टा करून गोळी घशाखाली उतरवणाऱ्या तुम्ही तिथे नव्हता. मागच्या वर्षी लकव्याने त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. पाय थोडा परत आला.

तरी तुम्ही लायब्ररीत येत राहिलात. एका दुपारी वाचन कक्षात कुणी नव्हतं. तुम्ही पिशवीतून पट्टा काढून माझ्याच दंडाला बांधलात. आकडा पाहून दुसऱ्यांदा मोजलंत.

"एकशे साठ. ताई, इतक्या शांत खोलीत बसून येवढं काय चढवून राहिल्या?"

मी हसले. तुम्ही पट्टा सोडला नाहीत.

"काई बोलायचं हाय का?"

"नाही हो."

तुम्ही खिडकीकडे पाहत बोललात, माझ्याकडे नाही. "पेशंटनं हट्ट केला तर मी त्याचा हट्ट मोडत न्हाई. वाट काढते. डॉक्टरला इचारते, गोळी वाढवते, खुर्चीवर बसवते, पन त्याचं काम त्याला करू देते. फकस्त मला खरा आकडा लागतो. आंधळ्यावानी कशी वाट काढू मी?"

म्हणजे अप्पांना होमही मिळाला असता आणि कदाचित पुढची दिवाळीही. हे तुम्ही मला सांगितलंत, आणि सांगताना मला कळलंय असं दाखवायची सक्तीही केली नाहीत. मी म्हणाले, "चहा घेणार?" तुम्ही पट्टा सोडलात. "घेऊ," म्हणालात.

तुमच्या बंजारा तांड्यावर मी आले होते, तुम्ही गेलात त्या दिवशी. बायका तुमच्या भाषेत रडत होत्या आणि मला शब्द कळत नव्हते. ते फार बरं वाटलं. गर्दीत मागे उभी राहून मी तोंडातल्या तोंडात खरा आकडा सांगितला. तुम्हाला सांगितल्यासारखं वाटलं नाही. ज्यांच्यासमोर तुम्ही ते माझं ओझं उचललं होतं, ती माणसं तिथे नव्हती.

म्हणून परवा सकाळी मी पाठक काकांकडे गेले. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. षष्ठी, सप्तमी, फोन. काकांनी मधे एकदाही थांबवलं नाही. 

"दोनदा आल्या होत्या त्या," ते म्हणाले. आता त्यांचे शब्द ओले, जड येतात. "नको म्हटल्यावर बी. काका, गोळी चालू हाय ना, येवढंच इचारायला. मी आतून सांगायला लावलं, घरी न्हाईत."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"आता सांगून राहिलीस, पोरी?"

"हो काका."

"तुझ्या दादाला सांगितलंस?"

मी नाही म्हणाले. उद्या सांगणार आहे, म्हणाले. लिहून कळवावं असं मनात आहे, म्हणाले. काका हसले, पण ते हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं.

"लिहून नको. तू लिहायला लई वेळ लावतीस. लाव फोन. इथं, माझ्यासमोर. आन् आवाज मोठा ठेव."

मी फोन लावला. रिंग जात होती तोवर ओसरीवरचं ऊन माझ्या पायांपर्यंत आलं. पलीकडून दादा म्हणाला, "हं, बोल गं."

"दादा, राठोड सिस्टरांना मी खोटं वजन सांगितलं होतं. तिन्ही दिवस त्यांनी विचारलं. त्यातले दोन दिवस मी खोटं बोलले."

त्यानंतर फोनमधून फक्त त्याच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. माझा अंगठा लाल बटणाकडे गेला. काकांनी डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं, आणि दादा बोलेपर्यंत मला फोन बंद करू दिला नाही.